किशोरवयीन मुले, संमतीचा कायदा आणि डॉक्टर: पालकांनी काय लक्षात ठेवावे?

संमतीचे वय १८ च ठेवावे, की १६ ते १८ वयोगटातील परस्परसंमतीच्या संबंधांना कायद्यातून सूट द्यावी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आहे. न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी २०२५ मध्ये अशी सूट सुचवली; केंद्र सरकारने विरोध केला. निकाल काहीही लागो, तुमच्यासाठी महत्त्वाचा प्रश्न असा: अडचण आली तर आपले मूल वेळेवर डॉक्टरांकडे पोहोचेल का?

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध, तिची संमती असली तरी, गुन्हा ठरतो. डॉक्टरांना हे कळल्यास पोलिसांना कळवावेच लागते. या भीतीने मुली पाळी चुकल्याचे लपवतात आणि मोलाचे आठवडे वाया जातात.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी यावर मार्ग काढला. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना माहिती देताना डॉक्टरांनी तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. गर्भपातासाठी पालकांची लेखी संमती मात्र लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. अल्पवयीन मुलींना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो.

काही उपचारांसाठी तर फक्त तीन दिवस हाती असतात. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी (लेव्होनॉरजेस्ट्रेल) ७२ तासांच्या आत, जितकी लवकर घ्याल तितकी परिणामकारक. एचआयव्ही टाळण्याची औषधेही ७२ तासांतच सुरू करावी लागतात. जबरदस्ती झाली असेल तर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार देणे बंधनकारक आहे. आधी पोलीस तक्रार हवी, अशी अट नाही.

बोलायला सुरुवात कुठून करावी? एचपीव्ही लस हे चांगले निमित्त आहे. ती पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटही बनवते. ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात. लस कशासाठी, हे सांगताना संसर्ग, निरोध आणि ‘नाही’ म्हणण्याचा हक्क हे विषय ओघाने येतात.

मूल पुण्यात वसतिगृहात किंवा क्लाससाठी एकटे राहत असेल, तर त्याला आजच सांगा: “काहीही घडलं तरी आधी मला फोन कर. आधी डॉक्टरांकडे जाऊ, बाकीचं नंतर बघू.”