लांबचा नेम आणि जवळची राखण

पिकाची राखण हा शेतीचाच एक भाग आहे. नांगरणी, पेरणी, कोळपणी या कामांना जशी वेळ व पद्धत असते, तशीच ती राखणीलाही असते. परंतु अलीकडे गावोगावच्या चर्चेत राखणीचा विचार मागे पडून बंदुकीचा विचार पुढे येऊ लागला आहे. त्यातही ‘दूरवर अचूक मारा करणारी रायफल मिळाली तर रानडुकरांचा प्रश्न सुटेल’ ही समजूत बरीच पसरलेली दिसते. ही समजूत चुकीची आहे. ती शेतकऱ्याच्या पैशाचा, कायद्याच्या दृष्टीने त्याच्या सुरक्षिततेचा आणि प्रसंगी शेजाऱ्याच्या प्राणाचा घात करणारी आहे. म्हणून तिचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

जिंतूर तालुक्याची भूमी या प्रश्नाला अनुकूल अशीच आहे. उत्तरेकडे डोंगरांच्या ओळी, नेमगिरीसारख्या टेकड्या, येलदरीच्या जलाशयालगतचे चढउतार, पूर्णेला मिळणारे ओढेनाले. आणि खाली काळ्या जमिनीचा सपाट पट्टा. नाल्यांत वेडी बाभूळ माजलेली असते. दिवसा रानडुकरांचा कळप तिच्या आडोशाला पडून राहतो आणि अंधार पडताच शेतात उतरतो. पेरलेले सोयाबीन उकरणे, भुईमुगाच्या शेंगा काढणे, ज्वारीची ताटे आडवी करणे, हरभरा तुडविणे, ही त्याची रात्रीची कामे होत. सपाट रानात हरणांचे कळप कोवळ्या पिकावर येतात, तर काही भागांत रोही तुरीची नासाडी करतात. एका रात्रीत एकरभर पीक गेलेल्या शेतकऱ्याचा संताप खोटा नव्हे. त्याने बी, खत व मजुरी यांवर केलेला खर्च परत येत नाही आणि पेरणीचा हंगामही परत येत नाही. या संतापाची टिंगल करणाऱ्याला शेतकऱ्याशी बोलण्याचा अधिकार नाही.

तथापि संताप खरा असला, म्हणून त्यातून सुचलेला प्रत्येक उपाय खरा ठरत नाही.

नळी, गोळी आणि अंतर

प्रथम नेमाचे शास्त्र पाहू. रायफलीच्या नळीत आतून पीळदार चर असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व तिची दिशा स्थिर राहते. ठासणीच्या किंवा छर्‍यांच्या बंदुकीची नळी गुळगुळीत असते, म्हणून तिचा भरवसा जवळच्या अंतरापुरताच असतो. छर्‍यांच्या बाबतीत सुमारे चाळीस मीटरच्या पुढे तो राहत नाही. यावरून रायफल हाती आली की अंतराचा प्रश्न मिटला, असा निष्कर्ष काढला जातो. तो मात्र फसवा आहे.

बंदुकीतून सुटलेली गोळी सरळ रेषेत जात नाही. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते. हिशेब सोपा व्हावा म्हणून गोळीचा सरासरी वेग सेकंदाला 500 मीटर धरला, तर 100 मीटरवर ती सुमारे 20 सेंटीमीटर खाली येते, 200 मीटरवर सुमारे 78 सेंटीमीटर आणि 300 मीटरवर सुमारे पावणेदोन मीटर. अंतर तिप्पट झाले की घसरण नऊपट होते. मोठ्या रानडुकराची खांद्यापाशी उंची सामान्यतः मीटरभरही नसते. आता समजा, बंदूक 200 मीटरसाठी जुळविलेली आहे आणि जनावर प्रत्यक्षात 300 मीटरवर आहे. अशा वेळी गोळी नेमापेक्षा सुमारे 60 सेंटीमीटर खाली जाईल. म्हणजे ती जनावराच्या पायांत किंवा मातीत शिरेल. सपाट काळ्या रानात 200 आणि 300 मीटर यांतील फरक नुसत्या डोळ्याने, तोही रात्री, ओळखणारा माणूस विरळा.

दुसरी गोष्ट हाताच्या स्थैर्याची. माशी आणि खाच यांतील अंतर 60 सेंटीमीटर धरल्यास माशी एका मिलिमीटरने हलली की 300 मीटरवर नेम अर्ध्या मीटरने चुकतो. श्वासाने, नाडीच्या ठोक्याने किंवा थंडीच्या कापऱ्याने एवढी हालचाल सहज होते. तिसरी गोष्ट वेळेची. 300 मीटर जाण्यास गोळीला सहा दशांश सेकंद लागतो. सेकंदाला एक मीटर या सावकाश चालीने जाणारे जनावरही तेवढ्या वेळात 60 सेंटीमीटर पुढे सरकते, आणि पळणाऱ्या जनावराविषयी तर बोलावयासच नको. आडवा वारा गोळीला बाजूला ढकलतो, तो वेगळाच.

हाच हिशेब 30 मीटरवर मांडला, तर चित्र पालटते. गोळीची घसरण दोन सेंटीमीटरांहून कमी होते आणि माशीच्या एका मिलिमीटरची चूक पाच सेंटीमीटरांवर येते. तात्पर्य असे की, नेम सुधारण्याचा सर्वांत खात्रीचा आणि बिनखर्चाचा मार्ग म्हणजे अंतर कमी करणे हा होय. महाग दुर्बीण, महाग नळी आणि महाग काडतूस यांनी जे साधत नाही, ते योग्य जागी बांधलेल्या मचाणाने साधते. जाणते शिकारीही जनावराच्या जवळ जाण्यातच आपले कौशल्य मानीत, हे येथे विसरता कामा नये.

चुकलेली गोळी कोठे जाते?

लांबच्या नेमाच्या चर्चेत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रायफलीची चुकलेली गोळी तीन किलोमीटरांहूनही अधिक दूर जाऊ शकते. जिंतूरच्या सपाट पट्ट्यात तीन किलोमीटरांच्या टप्प्यात काय नसते? शेजारचा आखाडा असतो, जागलीला झोपलेला सालगडी असतो, रात्रपाळीच्या विजेमुळे पाणी देण्यास निघालेला शेतकरी असतो, रस्त्याने जाणारी मोटारसायकल असते. मागे टेकडीचा किंवा उंच मातीचा आडोसा नसेल, तर लांबचा बार हा आंधळा बार होय. अंधारात चमकणारे डोळे जनावराचे की कोणाच्या गाईचे, हालणारी सावली डुकराची की माणसाची, याची खात्री दूरवरून होत नाही. पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा उभे करता येते. माणूस गेला तर ते घर पुन्हा उभे राहत नाही.

जखमी जनावराचा धोकाही तितकाच मोठा आहे. पायाला किंवा पोटाला गोळी लागलेले डुक्कर मरत नाही. ते झुडपात दडून बसते आणि सकाळी कापूस वेचावयास आलेल्या बाईवर किंवा गुराख्यावर धावून जाते. असा अर्धवट नेम राखणीच्या कामाचा नाही. त्याने गावावर नवे संकट येते.

कायद्याची मर्यादा

शस्त्र अधिनियम 1959 मध्ये पीकसंरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, आणि ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवाना देता येतो. पीकसंरक्षणाच्या या तरतुदीत रायफलीला जागा नाही. यामागे शेतकऱ्याविषयीचा अविश्वास शोधण्याचे कारण नाही. ज्या शस्त्राची गोळी चार गावे ओलांडू शकते, ते वस्तीच्या रानात नको, इतका साधा विवेक त्यात दिसतो.

शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत करून अनेक जण अडचणीत येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 अन्वये शिकारीस बंदी आहे, आणि शिकारीचे परवाने देण्याची पूर्वीची तरतूद 1991 च्या सुधारणेने रद्द झाली. 2022 च्या सुधारणेनंतर, जी 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आली, काळवीट पहिल्या अनुसूचीत असून रानडुक्कर आणि नीलगाय म्हणजे रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकास धोकादायक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. काळविटाच्या बाबतीत मात्र पिकाचे नुकसान हे मारण्याचे कारण होऊ शकत नाही. परवानगीने मारलेला प्राणीही सरकारची मालमत्ता असतो. त्याचे मांस वाटून घेणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.

अशी लेखी परवानगी मिळालीच, तरी पुढील पथ्ये पाळल्यावाचून बार काढू नये. काम परवानाधारक व सराव असलेल्या माणसानेच करावे. बंदूक आधी सुरक्षित जागी, ठराविक अंतरावर आणि त्याच काडतुसांनी जुळवून पाहावी. नळी स्वच्छ व कोरडी ठेवावी. हात उंचावून न मारता दस्ता खांद्याशी घट्ट धरून नळीखाली भरलेल्या पोत्याचा टेकू द्यावा. मचाणावरून मारा खालच्या दिशेने, मातीत जाईल असा ठेवावा. जनावर स्पष्ट ओळखल्याशिवाय व त्याच्या मागे काय आहे हे पाहिल्याशिवाय चापाला बोट लावू नये. आणि ज्या रात्री बार काढावयाचा, त्या रात्री आसपासच्या सर्व आखाड्यांना आधी कळवावे.

मग शेतकऱ्याने काय करावे?

यावर शेतकरी असा आक्षेप घेतील की, कायदा सांगणे सोपे आहे, पण रात्रभर जागणारा कोण? नुकसानभरपाईसाठी खेटे घालावे लागतात, आणि हाती येणारी रक्कम गेलेल्या पिकाच्या मानाने थोडी असते. या आक्षेपात तथ्य आहे. पंचनामा वेळेवर होणे व भरपाई वेळेवर मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि त्यात होणारी दिरंगाई हीच त्याला बेकायदा उपायांकडे ढकलते, हे शासकीय यंत्रणेने मान्य केले पाहिजे. परंतु भरपाईतील उणीव रायफलीने भरून निघत नाही. एका रात्री एक डुक्कर पडले, तरी उरलेला कळप दुसऱ्या रात्री दुसऱ्या वाटेने येतो. मादीला एका वेळी अनेक पिले होतात. तुरळक गोळीबाराने त्यांची संख्या आटोक्यात येत नाही.

उपयोगी पडते ती एकजुटीची राखण. डुकरांच्या येण्याजाण्याच्या वाटा बहुधा ठरलेल्या असतात. पायांचे ठसे व कुंपणाखालची उकर पाहून त्या ओळखता येतात. शिवारातील दहापंधरा शेतकऱ्यांनी मिळून नाल्यातील वेडी बाभूळ शेतालगत काढली, तर कळपाचा दिवसाचा आडोसा जातो. भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या चार ओळी, किंवा मक्याभोवती एरंडीचा पट्टा, हे जुने व अल्पखर्चाचे उपाय आहेत. सौर ऊर्जेवरील झटका यंत्राचे कुंपण योग्य प्रकारे बसविल्यास ते जनावरास क्षणिक धक्का देऊन परतविते व मारीत नाही. त्याच्या तारेखालचे गवत काढीत राहावे लागते, नाहीतर झटका जमिनीत जाऊन कुंपण निकामी होते. घरगुती विजेचा प्रवाह थेट तारेत सोडणे मात्र सर्वथा वर्ज्य आहे. त्यात जनावरापेक्षा स्वतःचीच माणसे बळी पडतात, आणि तो गुन्हाही आहे.

पाळीपाळीने जागल ठेवल्यास एका कुटुंबावर रोज जागरणाचा बोजा पडत नाही. पेरणीनंतरचा पहिला आठवडा आणि दाणे भरण्याचा काळ या दोन वेळा विशेष नाजूक असतात. निदान तेवढ्या दिवसांचे पाळीपत्रक प्रत्येक शिवाराने करावे. डबे, फटाके, गोफण, विजेरी यांचा वापर जागा व वेळ बदलून करावा, कारण एकाच आवाजाला जनावरे लवकर सरावतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम येथेच सुरू होते. नुकसान झाल्याचे कळताच त्याने शेतकऱ्यास खुणा ताज्या असतानाच छायाचित्रे काढण्यास सांगावे, सातबारा व आवश्यक कागद जोडून वनखात्याकडे अर्ज त्याच दिवशी जाईल असे पाहावे आणि पंचनाम्याच्या वेळी शक्य तो स्वतः हजर राहावे. कुंपणाच्या अनुदानाची कोणती योजना त्या गावास लागू आहे, याची चौकशी वनपरिक्षेत्र व कृषी कार्यालयांत करून ती ग्रामसभेत सांगावी. कोणत्या पिकाभोवती कोणता पट्टा लावावा, याविषयी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा. जेथे डुकरांचा उपद्रव खरोखरच हाताबाहेर गेला असेल, तेथे लेखी परवानगीचा अर्ज एकेका शेतकऱ्याने करण्याऐवजी गावाने मिळून करावा, म्हणजे त्याला वजन येते आणि जबाबदारीही वाटली जाते.

तीनशे मीटरवरचा नेम साधण्याच्या खटाटोपात जो पैसा, वेळ आणि हौस खर्च होते, तिचा चौथा हिस्सा बांधावर खर्च झाला, तर पीक अधिक सुरक्षित राहील. जी राखण जनावराला शेताबाहेर ठेवते, शेजाऱ्याला निर्धास्त झोपू देते आणि शेतकऱ्याला कचेरीच्या पायऱ्या आरोपी म्हणून चढावयास लावीत नाही, तीच खरी राखण होय.