परतल्यानंतरचे दोन दिवस

सुट्टी संपत आली म्हणजे दौंडच्या रेल्वे स्थानकावर आणि शिरूरच्या बसस्थानकावर परतणाऱ्यांची गर्दी दिसू लागते. जाताना नीटनेटके असलेले कपडे चुरगळलेले असतात, पिशव्या जड झालेल्या असतात आणि लहान मुले आईच्या खांद्यावर झोपी गेलेली असतात. कोणी कोकणातला समुद्र पाहून आलेले असते, कोणी पंढरपूर-तुळजापूर करून आलेले असते, तर कोणी मामाच्या गावी मनसोक्त राहून आलेले असते. घराचे दार उघडून पिशव्या ओसरीवर टेकल्या, की प्रवास संपला असे बहुतेकांना वाटते. परंतु तो तेथे संपत नाही. आप्तेष्टांना भेटावे, पाहिलेले त्यांना सांगावे, त्यांचे ऐकून घ्यावे, तेव्हाच तो पुरा होतो. म्हणून परतल्यानंतरचे शनिवार-रविवार हे दोन दिवस सुट्टीचाच एक भाग होत. किंबहुना तिचा सर्वांत मोलाचा भाग होत.

असे म्हणण्यास कारण आहे. कोणताही प्रवास एकट्या प्रवाशाच्या बळावर होत नाही. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके भीमेच्या काठचे. उसाची व कांद्याची शेती आणि दुधाचा जोडधंदा यांवर येथील अनेक घरे चालतात. गाईम्हशींना सुट्टी ठाऊक नसते. त्यांची धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते. पिकाला पाणी देण्याची वेळ चुकवून चालत नाही. शेतीपंपाची वीज रात्री आली, तर हातात बॅटरी घेऊन अंधारात बांधावर जावे लागते. म्हणून घरातली चार माणसे गावाला निघाली, की एक-दोन माणसांना मागे राहावे लागते. बहुधा ती आजी-आजोबा असतात, एखादे वेळी काका असतो, तर कधी शेजारची माणसे दोन्ही घरांकडे पाहतात. शहरवस्तीतही हेच घडते. १८५८ साली पुण्याहून पूर्वेकडे लोहमार्ग गेला आणि दौंड रेल्वेच्या नकाशावर आले. पुढे मनमाडकडे जाणारा मार्ग तेथून फुटला व दौंड हे मोठे जंक्शन झाले. सुट्टीत सारे जग प्रवासाला निघते, तेव्हा गाडी चालवणाऱ्यांना, सिग्नल सांभाळणाऱ्यांना आणि रुळांची देखरेख करणाऱ्यांना उलट अधिक काम असते. कोणीतरी जागेवर थांबते, म्हणून कोणीतरी दूर जाऊ शकते.

जुन्या पिढीने हे ऋण ओळखले होते. पूर्वी काशीयात्रा पायी करावी लागे. तिला कित्येक महिने लागत आणि गेलेला मनुष्य सुखरूप परतेलच अशी खात्री नसे. तो परत आला, की त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकीत. पुढे चांगला दिवस पाहून आणलेल्या गंगाजलाची पूजा होई आणि सगेसोयरे व शेजारीपाजारी यांना जेवण घातले जाई. या जेवणाला ‘मावंदे’ म्हणतात. मावंदे घातल्यावाचून यात्रा पुरी झाली असे कोणी मानीत नसे. यात्रेचे पुण्य एकट्याने ठेवून घ्यायचे नसते, ज्यांनी मागे घर राखले त्यांनाही त्याचा वाटा द्यायचा असतो, हा त्यामागील भाव होय.

हीच रीत निरनिराळ्या रूपांनी आजही दिसते. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातील यवत आणि वरवंड येथे मुक्काम करून पुढे पंढरपूरला जाते. वारीहून परतलेला वारकरी चुरमुरे-बत्ताशांचा प्रसाद आणि बुक्का घेऊन येतो व तो आळीत वाटतो. हजहून परतलेले यात्रेकरू झमझमचे पाणी आणि खजूर आणतात. ते नातलगांना व शेजाऱ्यांना पोचते केल्यावरच त्यांना समाधान वाटते.

दूरच्या जपानातही अशीच एक रीत होती. तेथे इसे येथे एक प्राचीन मंदिर आहे. दोन-तीनशे वर्षांपूर्वी सामान्य खेडुताला तेथवरचा खर्च झेपत नसे. म्हणून गावातील लोक मंडळ स्थापन करीत, प्रत्येकजण थोडे थोडे पैसे साठवी आणि चिठ्ठ्या टाकून काही जणांना यात्रेला पाठवी. गेलेले लोक सर्वांच्या वतीने दर्शन घेत आणि परतताना सर्वांसाठी देवळातील ताईत किंवा लहानशी वस्तू घेऊन येत. आजही जपानी मनुष्य प्रवासाहून परतताना घरच्यांसाठी व सोबत्यांसाठी काहीतरी घेतल्याशिवाय राहत नाही. त्या भेटीला ते ‘ओमियागे’ म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, आता या साऱ्याची गरज काय? प्रवासातील प्रत्येक छायाचित्र तत्क्षणी मोबाइलवर घरी पोचते. समुद्र आजीनेही पाहिला, देऊळ काकांनीही पाहिले. मग सांगायचे काय उरले? शिवाय प्रवासाने शीण आलेला असतो, कपडे धुवायचे असतात, सोमवारी शाळा असते. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. विश्रांती हवीच, शनिवारची सकाळ झोपेत गेली तर त्यात वावगे काही नाही. परंतु छायाचित्रात समुद्र दिसतो, वाळूत पाय रुतल्यावर कसे वाटले ते दिसत नाही. त्यासाठी जवळ बसून सांगणारा लागतो आणि मध्येच प्रश्न विचारणारा लागतो. दुसरे असे, की छायाचित्रे एकाच दिशेने येतात. समुद्राचे चित्र आजीकडे आले. पण गाय आजारी पडल्यामुळे ती दोन रात्री जागली, याचे चित्र कोणी काढले नाही. ते भेटल्यावाचून कळत नाही.

म्हणून घरी आल्यावर आधी विचारावे आणि मग सांगावे. विहिरीला पाणी किती आहे? रात्री मोटार सुरू करायला कोण गेले? आजीचे गुडघे कसे आहेत? हे प्रश्न ज्याने विचारले, त्याची प्रवासकथा पुढे सर्वजण आवडीने ऐकतात. ज्याने ते विचारले नाहीत, त्याची कथा कितीही सुरस असली तरी ती बढाई वाटते. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता भीमा ओलांडतो. पलीकडच्या काठी मावशी किंवा आत्या राहत असेल, तर रविवारी तिच्याकडे जाऊन यावे. हातात बत्ताशांची पुडी असली तरी पुरे. मोल वस्तूचे नसते, आठवणीचे असते.

सोमवारी वर्गात बोलतानाही हे भान हवे. काही मुले सुट्टीत कोठेच गेलेली नसतात. कोणी आईबरोबर कांदा काढायला गेलेले असते, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळलेले असते. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही असे समजणे ही मोठी चूक होय. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथील मुलाला मोर पाहण्यासाठी प्रवास करावा लागत नाही. ते पाहण्यासाठी दूरदूरची माणसेच त्याच्या गावी येतात. त्यालाही विचारावे, म्हणजे न गेलेल्याकडूनही नवे काही मिळते.

पाहिलेले सर्वांना देण्याचा एक थोर आदर्श याच भागाशी जोडलेला आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८९ साली मायदेशी परतल्या. तेथील शिक्षण, स्त्रियांची स्थिती, लोकांचे गुण व दोष हे सारे त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या मराठी पुस्तकात त्याच वर्षी आपल्या लोकांसमोर ठेवले. पुढे दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांनी निराधार स्त्रियांसाठी व मुलांसाठी मुक्ती सदन उभारले आणि तेथेच १९२२ साली त्यांचे निधन झाले. त्यांचा प्रवास त्यांच्यापुरता राहिला नाही.

प्रत्येकाला पुस्तक लिहिता येणार नाही. पण दोन दिवस देणे प्रत्येकाला शक्य आहे. त्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट ठरवावी. इसेला जाणाऱ्या जपानी खेडुतांमध्ये एकदा जाऊन आलेला मनुष्य पुढच्या खेपेस मागे राही आणि दुसऱ्यांना संधी देई. तसेच घरातही व्हावे. यंदा ज्या आजोबांनी गोठा सांभाळला, त्यांना पुढच्या सुट्टीत समुद्र पाहू द्यावा आणि धार काढण्यासाठी या वेळी गेलेल्यांपैकी कोणीतरी घरी राहावे.