ताई, बाटली ओतण्याआधी...

मैत्रिणींनो, आमच्या श्रीपूरची चूल उसावर पेटते. त्यामुळे पेट्रोलमधल्या इथेनॉलचं आम्हाला कौतुकच. २०२२ मध्ये १० टक्के असलेलं हे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. पण आता जुनी स्कूटी अडखळली, की गॅरेजवाला म्हणतो, ‘ताई, टाकीत ही बाटली ओता!’

बाटलीनं इथेनॉल नाहीसं होत नाही. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी तळाशी साचलं, तर टाकी रिकामी करणं हाच उपाय. रबरी पाइप खराब झाले, तर बदलावेच लागतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज घटतं. तेही बाटलीनं भरून निघत नाही. चांगलं औषध गंज थोपवायला, कार्बोरेटर स्वच्छ ठेवायला मदत करतं, एवढंच.

म्हणून आधी गाडीचं पुस्तक बघा, पाइप तपासून घ्या, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आणि गाडी कंपन्यांनीही जुन्या गाड्यांचे कोणते भाग बदलायचे, हे मराठीत स्पष्ट सांगावं. उसाला भाव मिळायलाच हवा. पण त्याचा भुर्दंड स्कूटीवर संसार ओढणाऱ्या बाईनंच का सोसावा?