तिसऱ्या तारेची हेळसांड

विजेवर चालणाऱ्या स्कूटरी व मोटारी यवतमाळ शहरात, तसेच पुसद, वणी, उमरखेडसारख्या तालुक्यांच्या गावीही आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. राज्य शासनाने २०२१ साली व पुन्हा २०२५ साली या वाहनांसाठी धोरणे जाहीर केली आणि सवलतींची चर्चा घरोघर झाली. परंतु ज्या घरातून या वाहनांस रात्रभर वीज पुरवावयाची, त्या घराच्या भिंतीतील तारांची विचारपूस मात्र फारशी कोणी केलेली दिसत नाही. ही उपेक्षा प्राणांवर बेतण्याजोगी आहे.

पाण्याचा गिझर पंधरा-वीस मिनिटांत आपले काम उरकून बंद होतो. मोटारीचा चार्जर १६ अँपिअरच्या सॉकेटातून सुमारे ३.३ किलोवॅट वीज घेत आठ-दहा तास अखंड चालतो. सबब गिझरला पुरलेली अडीच चौरस मिलिमीटरची तार येथेही पुरेल, हा भ्रम होय. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पडवीच्या पत्र्याखालील तार मुळातच तापलेली असते. तेथे मीटरजवळून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार आणून तिला स्वतंत्र एमसीबी द्यावा, हेच शहाणपणाचे. भिंतीवरचा मोठा, ७.४ किलोवॅटचा चार्जर बसवावयाचा तर तार याहून जाड हवी, आणि बिलावरील 'मंजूर भार' पाहून तो महावितरणकडून आधी वाढवून घ्यावा.

तथापि आमची खरी चिंता तिसऱ्या तारेची, म्हणजे अर्थिंगची आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि तीत पुरलेले अर्थिंग कुचकामी होऊन बसते. ज्या शहराने २०१८ साली पिण्याच्या पाण्यासाठी वणवण केली, तेथे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची आठवण कोणास राहणार? मग चार्जर अर्थिंग नाही असे दाखवून अडून बसतो. हा त्याचा दोष नव्हे, इशारा होय. त्यावर काही कारागीर एक युक्ती योजतात: सॉकेटातच न्यूट्रल व अर्थिंग तारेच्या तुकड्याने जोडून देतात. हिरवा दिवा लागतो, मालक संतुष्ट होतो, मजुरी चुकती होते. पुढे एखादे दिवशी न्यूट्रल मागे कोठे तुटली, की जिवंत प्रवाह थेट वाहनाच्या अंगावर येतो. आणि त्या वाहनास पहिला हात शाळेला निघालेल्या पोराचाही लागू शकतो. या कृत्यास युक्ती म्हणणे आम्हांस मान्य नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा-नियम स्पष्ट आहेत. प्रत्येक चार्जिंग सॉकेटास स्वतंत्र जोडणी, ३० मिलिअँपिअरच्या गळतीस प्रवाह तोडणारे उपकरण, सॉकेटाची उंची जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर, आणि एक्स्टेन्शन वायरीस बंदी. खिडकीतून अंगणात सोडलेल्या वायरी पाहिल्या, की हे नियम कोणासाठी लिहिले असा प्रश्न पडतो.

वाहनविक्रेत्यांनी किल्ली हाती देण्यापूर्वी परवानाधारक ठेकेदाराचा अर्थिंग-मोजणीचा दाखला मागावा. ही मोजणी उन्हाळ्यात पुन्हा व्हावी. श्रावणातील आकडा ज्येष्ठात उपयोगाचा नाही. विद्युत निरीक्षकांनी जोड-तुकडे बसविणाऱ्यांवर कारवाई करावी. आणि जे आज घर बांधीत आहेत, त्यांनी प्लास्टर होण्यापूर्वी मीटरपासून वाहनाच्या जागेपर्यंत एक रुंद रिकामी नळी भिंतीत टाकून ठेवावी; वाहन दहा वर्षांनी आले तरी चालेल.