तक्त्यात कडबा कुठं आहे?

कुठल्याही बैठकीत सोलापूर जिल्ह्याचा नकाशा पडद्यावर आला, की तो बहुधा लाल रंगात असतो. पाऊस कमी, टंचाई जास्त, टँकर इतके. त्यामागून दुसरा तक्ता येतो तो उसाचा. इतके कारखाने, इतकं गाळप, इतकी साखर. या दोन चित्रांच्या मधे जो माणूस राहतो तो काय खातो, कुठल्या महिन्यात कुठल्या जत्रेला जातो, जनावराला काय घालतो, घरात कुठली भाषा बोलतो, यातलं काहीच कुठं येत नाही. योजना आखणारा माणूस तर चित्र बघूनच योजना आखतो. चित्रात जे नाही ते त्याच्या हिशेबातही नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की गावाची रीत, गावाचं राहणं हेसुद्धा तक्त्यात आणि नकाशात यायला पाहिजे, आणि ते गावानं स्वतः काढलं पाहिजे.

तक्ते-आलेख म्हणजे शिकलेल्या लोकांचं काम, असं समजायचं कारण नाही. आपल्या घरात पंचांग आहे. दाते पंचांग तर आपल्या सोलापुरातूनच निघतं, त्यानं केव्हाच शंभरी ओलांडली. पंचांग हा तक्ताच आहे. पावसाच्या नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा, म्हैस की गाढव, एवढं चित्र सांगितलं की अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्यालाही यंदाचा अंदाज कळतो. (त्या वाहनावर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न वेगळा. पेरणीचा सल्ला मी जमिनीतली ओल बघून देतो.) १९७३ पासून भिंतीवर आलेलं कालनिर्णय घ्या. त्याच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिणारी बाई तक्ताच भरत असते. तलाठ्याकडचा गावनकाशा आणि सातबारा तर आपल्याला पाठ आहे. तेव्हा वाचायची सवय आपल्याला आहे. काढायची तेवढी नाही.

चुकीच्या तक्त्यानं नुकसान कसं होतं त्याचं एक उदाहरण देतो. आपली मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवड पद्धतीनं पुढं आली, त्याला नव्वदएक वर्षं होत आली. आज कुठल्याही सुधारित वाणाशेजारी तिचा उत्पादनाचा स्तंभ काढा, तो बुटकाच दिसेल. तक्ता बघणारा म्हणतो, शेतकरी जुन्याला चिकटून बसलाय. पण तक्त्यात फक्त दाण्याचे क्विंटल आहेत. कडबा कुठं आहे? आपल्याकडं ज्वारी पेरणारा दाण्याइतकाच कडब्याचा विचार करतो. शेकडा पेंढीला काय भाव आला, यावर त्याचं उन्हाळ्यातलं गणित असतं. दावणीची खिलार आणि दारची म्हैस त्यावर जगते. भाकरीची चव आणि हुरड्याची गोडी तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. दाण्याच्या स्तंभाशेजारी कडब्याचा स्तंभ उभा करा, म्हणजे ही माणसं अडाणी नाहीत, हिशेबी आहेत, हे एका नजरेत कळेल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच जुन्या पिकाला.

दुसरी गोष्ट वर्षाच्या चाकाची. एक मोठं वर्तुळ काढायचं, त्याचे बारा महिने करायचे. बाहेरच्या कड्यात पाऊस, त्याच्या आत शेतातली कामं, त्याच्या आत सण-जत्रा आणि सगळ्यात आत घरातला पैसा व मजुरी. आपल्या जिल्ह्याचं चाक राज्यातल्या इतर जिल्ह्यांसारखं नाही, हे लगेच दिसतं. आपला भरवसा परतीच्या पावसावर. उत्तरा आणि हस्त बरसले तर वर्ष आपलं. कोरडवाहू ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. मार्गशीर्ष अमावास्येला येळवस, त्या दिवशी अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शीकडची गावं शिवारात जेवायला असतात. पाठोपाठ हुरडा, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. पीक उभं असतं तेव्हा सण, आणि ते हातात आल्यावर लग्नकार्य. रीत आणि रान एकाच चाकात फिरतात.

हे चाक भिंतीवर असतं तर कितीतरी गोष्टी टळल्या असत्या. ऐन येळवशीला शेतकरी प्रशिक्षण ठेवलेलं मी पाहिलंय. गाव सगळं रानात आणि सभागृहात साहेब अन् रिकाम्या खुर्च्या! मजुराच्या घरात कुठल्या दोन महिन्यांत काम नसतं, हे चाकात दिसलं तर रोजगार हमीचं काम कधी मागायचं हेही ठरतं.

तिसरं, नकाशा. एकाच जिल्ह्यात किती फरक आहे बघा. बैलांचा सण कुठं श्रावण अमावास्येला पोळा म्हणून होतो, तर कर्नाटकाच्या सीमेकडच्या गावांत ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवी होते. तिकडं घराघरात कानडी, सोलापूर शहरातल्या विणकरांच्या पेठांत तेलुगू. असा नकाशा काढला तर माहितीपत्रक कुठल्या भाषेत छापायचं, हा प्रश्न आपोआप सुटेल.

आपलं चित्र आपण काढायचं, हा विचार नवा नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाची स्थिती दाखवणारे तक्ते मांडले होते. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या विद्वानानं ते आपल्या विद्यार्थ्यांकडून हातानं रंगवून घेतले होते. जमीन किती, शिक्षण किती, धंदे कुठले. लोक त्या समाजाबद्दल काय बोलत होते आणि आकडे काय सांगत होते, हे जगानं बघितलं. दुष्काळी, दुष्काळी म्हणून हिणवल्या गेलेल्या जिल्ह्यानं यातून शिकायला हरकत नाही.

मात्र पथ्यं पाळायला हवीत. बैल दुप्पट झाले म्हणून बैलाचं चित्र उंचीलाही दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट काढलं, तर ते चौपट दिसतं. त्यापेक्षा एका बैलाशेजारी दुसरा काढा. आकडा कुठल्या वर्षाचा ते खाली लिहा. आणि फक्त शोभेचं काढू नका. नंदीध्वज काढा, तशी कोरडी पडलेली विहीरही काढा. पाण्याच्या टाकीपासून कुठली वस्ती किती लांब आहे, हे नकाशात आलंच पाहिजे. ते दाखवताना कुणाला अवघड वाटेल, पण लपवलेल्या गोष्टीला निधी मिळत नाही.

सरकारनं याला वाट करून दिलेली आहेच. २०१५-१६ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यासाठी शिवारफेरी होते, चौकात रांगोळीनं गावाचा नकाशा निघतो. अडचण पुढं आहे. फोटो निघतो, रांगोळी झाडली जाते आणि आराखडा कपाटात जातो. पुरुषांनी काढलेला नकाशा बहुधा चावडी आणि रस्त्यापासून सुरू होतो, बायकांनी काढलेला नळापासून आणि गिरणीपासून. दोन्ही हवेत, पण कागदावर बहुधा पहिलाच उतरतो.

तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) यांना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेला वर्षाचं चाक आणि गावाचा नकाशा, दोन्ही चौकात रांगोळीनं काढा. म्हाताऱ्यांना सण विचारा, बायकांना पाणी विचारा, मजुरांना रिकामे महिने विचारा. मग चुना आणि गेरू घेऊन शाळेतल्या पोरांकडून ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर उतरवून घ्या. फार तर एका दिवसाचं काम आहे. दरवर्षी त्यात काय बदललं ते लिहा. पुढच्या वेळी कुणी साहेब योजना घेऊन आला, तर त्याला चहा देण्याआधी त्या भिंतीपुढं उभं करा.