थर उतरविण्याचे शौर्य

गुरुपौर्णिमेला मुंबईच्या उपनगरांतील अनेक गोविंदा पथकांच्या सरावाचा नारळ फुटतो. अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली, दहिसर, घाटकोपर, मुलुंड अशा ठिकठिकाणच्या वस्त्यांमधून दिवसभराचे काम उरकून, लोकलच्या गर्दीतून घरी परतलेले तरुण रात्री चाळीच्या पटांगणात, शाळेच्या मैदानात, नाहीतर दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत जमतात. कुणी बँकेत कारकून, कुणी रिक्षाचालक, कुणी महाविद्यालयीन विद्यार्थी, कुणी घरोघर सामान पोहोचविणारा. आधी व्यायाम, मग तीन थर, मग चार, मग पाच. पावसाने चिखल झाला तर चिखलात. घरी जायला मध्यरात्र उलटते आणि सकाळी पुन्हा ठरलेली गाडी गाठायची असते. श्रावण वद्य अष्टमीपर्यंत सुमारे सव्वा महिना हा क्रम चालतो. या श्रमाचा कुणालाही पगार मिळत नाही. पारितोषिक मिळालेच, तर त्यातून प्रवासाचे, जेवणाचे, सदऱ्यांचे आणि औषधपाण्याचे पैसे भागविले जातात.

या हौशी मंडळींनी जे करून दाखविले, ते सामान्य नाही. 10 ऑगस्ट 2012 रोजी जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थर रचले. 13.34 मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याची नोंद गिनीज बुकात झाली आणि 1981 पासून स्पेनच्या नावावर असलेला विक्रम मराठी तरुणांनी आपल्याकडे घेतला. 16 ऑगस्ट 2025 रोजी जोगेश्वरीच्याच कोकण नगर गोविंदा पथकाने ठाण्यात दहा थर लावले. त्याच दिवशी जय जवाननेही दहा थरांची मजल गाठली. प्रशिक्षणाच्या महागड्या सोयी नाहीत, आहारतज्ज्ञ नाहीत, हक्काचे मैदानही नाही. तरीही जगात मोजक्याच ठिकाणी घडणारी गोष्ट एका उपनगरातील दोन पथके एकाच दिवशी करून दाखवितात. याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाला वाटला पाहिजे.

या यशाचे मर्म संघटनेत आहे. दहीहंडीचे चित्र डोळ्यांसमोर आणले की सर्वांना वरचा एक्का दिसतो, हात उंचावून सलामी देणारा. परंतु ज्यांच्या खांद्यांवर हा डोलारा उभा असतो, ते खालचे लोक कुणाच्याच नजरेस पडत नाहीत. त्यांची मान खाली, हात एकमेकांच्या खांद्यांवर घट्ट आणि वर काय चालले आहे ते पाहण्याचीही मुभा नसते. त्यांच्याभोवती रेटा देणाऱ्यांचे कडे असते. वरून येणारा भार कुणाच्या जातीचा, कुणाच्या आळीचा, हे तेथे कुणी विचारीत नाही. समरसतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. येथे ती खांद्यांवर पेलली जाते. संघस्थानावर ज्यांनी मनोरे रचले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. दृष्टिहीन तरुणांचे पथकही मुंबईत थर रचते. केवळ स्पर्शावर आणि सहकाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ते वर चढतात. महिलांची पथकेही आता मोठ्या आत्मविश्वासाने मैदानात उतरली आहेत.

इतके सारे उज्ज्वल असताना एक घटना मनातून जात नाही. 2025 च्या ऑगस्ट महिन्यात, दहा थरांचा विक्रम होण्याच्या आठवडाभर आधी, दहिसरमध्ये सराव सुरू असताना अकरा वर्षांचा एक मुलगा थरावरून खाली पडला आणि दगावला. उत्सवाच्या दिवशी मानखुर्दमध्ये हंडीचा दोर बांधताना एक जण पडून मृत्युमुखी पडला. त्या एका दिवसात मुंबईत तीनशेहून अधिक गोविंदा जखमी झाले. यातील बहुतेकांच्या जखमा किरकोळ असतीलही. पण काहींच्या पाठीच्या कण्याला इजा झाली तर ते घर कायमचे खचते. ज्या वस्त्यांतून गोविंदा येतात, तेथे बहुधा एकाच्या कमाईवर चार माणसे जगतात.

आकड्यांची भाषा कठोर असते, पण ती ऐकली पाहिजे. सहाव्या थरावर उभ्या असलेल्या मुलाचे पाय जमिनीपासून सुमारे 7 मीटरवर असतात. तेथून थेट खाली येणारा देह ताशी 40 किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीवर आदळतो. खाली माणसे असली तर ती त्याला झेलतात आणि स्वतः जखमी होतात. नसली तर खाली डांबर किंवा सिमेंट असते. श्रद्धा, उत्साह आणि घोषणा यांपैकी कशानेही हा वेग कमी होत नाही. तो कमी होतो गादीने, दोराने, हेल्मेटने आणि खाली सज्ज असलेल्या शिस्तबद्ध हातांनी.

हा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते: सगळे नियम हिंदूंच्याच सणांना का? ही भावना निराधार नाही. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीची उंची 20 फुटांवर आणली आणि 18 वर्षांखालील मुलांना मज्जाव केला. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंधने शिथिल करण्यास नकार दिला. शतकांची परंपरा असलेल्या उत्सवाला फूटपट्टी लावली जात आहे, ही वेदना तेव्हा हजारो कार्यकर्त्यांनी अनुभवली. पुढे ऑगस्ट 2017 मध्ये उच्च न्यायालयाने उंचीवर मर्यादा घालण्यास नकार दिला. राज्य शासनाने मात्र 14 वर्षांखालील मुलांना थरांत सहभागी होऊ देणार नाही, अशी हमी दिली. 2022 मध्ये शासनाने दहीहंडीला साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला, मृत व जखमी गोविंदांसाठी आर्थिक साह्य जाहीर केले. 2025 मध्ये दीड लाख गोविंदांना विम्याचे कवच मिळाले.

म्हणजे समाजाने जे मागितले, ते बहुतांशी मिळाले. उंचीचे बंधन गेले, खेळाचा मान मिळाला, विमा मिळाला. बदल्यात एकच गोष्ट पाळायची होती: चौदा वर्षांखालील मूल वर चढवायचे नाही. अकरा वर्षांचा मुलगा थरावर होता, याचा अर्थ ती एक गोष्टही सर्वत्र पाळली गेली नाही. अशा वेळी न्यायालयाकडे, पुरोगाम्यांकडे किंवा वृत्तवाहिन्यांकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही. त्या मुलाच्या आईला हे उत्तर कोण देणार? जो समाज आपल्या उत्सवाचे नियम स्वतः करतो आणि स्वतः पाळतो, त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. बाहेरचा हस्तक्षेप नको असेल, तर आतली शिस्त त्याहून कडक असावी लागते.

ही शिस्त कशी असावी, याचा एक नमुना दूर युरोपात सापडतो. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात मानवी मनोऱ्यांची दोनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. युनेस्कोने 2010 मध्ये तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. तेथेही दहा थर लागतात, तेथेही सर्वांत वर लहान मूल चढते. पण त्याच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि पायथ्याशी शेकडो माणसांचे दाट कडे असते, ज्यात प्रसंगी प्रतिस्पर्धी संघाची माणसेही येऊन उभी राहतात. सर्वांत महत्त्वाचे आहे ते गुणदानाचे तत्त्व. वरच्या मुलाने हात उंचावला की मनोरा ‘उभारला’ असे मानतात. परंतु तो थराथराने, न कोसळता, शेवटच्या माणसापर्यंत उतरविला, तरच त्याला पूर्ण गुण मिळतात. नुसत्या उभारलेल्या मनोऱ्यापेक्षा उभारून उतरविलेला मनोरा श्रेष्ठ.

आपल्याकडे नेमके येथेच घोडे अडले आहे. सलामी दिली की ढोल वाजतो, ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले जाते, छायाचित्र निघते. त्यानंतर थर नीट उतरले की ढासळले, याकडे व्यासपीठावरील पाहुण्यांचे लक्ष असतेच असे नाही. वास्तविक जाणत्या प्रशिक्षकाला विचारले तर तो सांगेल की चढण्यापेक्षा उतरणे अवघड. चढताना अंगात बळ असते, मनात ईर्षा असते. उतरण्याच्या वेळी खालच्या खांद्यांनी बराच वेळ भार सोसलेला असतो, पाय थरथरत असतात आणि वरच्याचे पाऊल घाईने पडते. त्यातच पथक सकाळपासून टेम्पोतून वस्त्यावस्त्यांत फिरत असते, मोठ्या हंडीपाशी दोन-दोन तास ताटकळत असते. रात्री शेवटच्या हंडीला लागणारे थर हे दमलेल्या माणसांचे थर असतात. लाखांच्या बक्षिसाचा आकडा नेमका तेव्हाच कानावर आदळतो आणि प्रमुखाच्या तोंडून ‘अजून एक’ निघून जाते.

त्या क्षणी ‘पुरे’ म्हणणारा प्रमुख भित्रा नव्हे. 1665 मध्ये पुरंदरच्या तहात शिवछत्रपतींनी तेवीस किल्ले दिले. त्या दिवशी स्वराज्य काही थर खाली उतरले होते. पण माणसे राखली गेली, म्हणून 1670 पासून तेच किल्ले पुन्हा जिंकून घेता आले. राजांनी किल्ल्यांपेक्षा माणसे मोलाची मानली, ही गोष्ट शिवचरित्र वाचणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. दहीहंडीच्या मैदानात शिवरायांचा जयजयकार करणाऱ्यांनी त्यांची ही दृष्टीही घ्यावी.

यासाठी फार मोठ्या योजना नकोत. पथकांनी सरावाच्या पहिल्या रात्रीच प्रत्येक गोविंदाच्या वयाचा दाखला पाहावा आणि चौदा वर्षांखालील मुलाला वर चढवू नये, मग त्याच्या घरच्यांचाच आग्रह असला तरी. गाद्या आणि हेल्मेट उत्सवाच्या दिवसापुरती नसावीत. दहिसरचा अपघात सरावात घडला, हे विसरता कामा नये. थर थांबविण्याचा अधिकार एका अनुभवी व्यक्तीकडे असावा आणि तिच्या शब्दापुढे पथकप्रमुखाचेही चालू नये. आयोजकांनी पूर्ण पारितोषिक थर सुखरूप उतरविणाऱ्या पथकालाच जाहीर करावे. कोसळलेल्या नऊ थरांपेक्षा उतरविलेल्या आठ थरांचा मान मोठा ठरवावा. एवढा एकच नियम ठाण्या-मुंबईतील मोठ्या हंड्यांनी स्वीकारला, तरी सव्वा महिन्याच्या सरावाची दिशा बदलेल; कारण ज्याला बक्षीस, त्याचाच सराव होतो. दहीहंडी समन्वय समितीसारख्या व्यासपीठावर हा विषय यावा. महापालिकेने आणि शाळांनी पावसाळ्यातील रात्री मैदाने आणि सभागृहे पथकांसाठी खुली करावीत. पुनर्विकासात चाळींची पटांगणे झपाट्याने नाहीशी होत आहेत. मुले उघड्या रस्त्यावर सराव करतात ती हौस म्हणून नव्हे.

मध्यमवर्गीय घरांनाही येथे काम आहे. गच्चीतून हंडी पाहायची आणि दुसऱ्या दिवशी अपघाताची बातमी वाचून ‘ही पोरे ऐकतच नाहीत’ म्हणायचे, यात जबाबदारी संपत नाही. वस्तीतील डॉक्टरांनी सरावाच्या जागी आठवड्यातून एक फेरी मारावी, व्यायामशिक्षकाने पथकाला अंग मोकळे करण्याचे प्रकार शिकवावेत, वडीलधाऱ्यांनी रात्री तासभर तेथे जाऊन बसावे. ज्येष्ठांची नुसती उपस्थितीही तरुणांना भान देते. शाखा-शाखांतील कार्यकर्त्यांना आपल्या भागातील पथकाशी असे नाते जोडणे अवघड नाही.

ज्या गोपाळकृष्णाच्या नावाने हा काला होतो, त्याची गोवर्धनाची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याने पर्वत उचलला, गोपाळांनी आपापल्या काठ्या लावल्या, सारे गोकुळ त्याखाली सुरक्षित राहिले. कथेचा शेवट मात्र फारसा कुणी सांगत नाही. सात दिवसांनी पाऊस थांबल्यावर श्रीकृष्णाने आधी बायकामुलांसह आणि गुराढोरांसह सर्वांना बाहेर जायला सांगितले, आणि सगळे सुखरूप बाहेर पडल्यावर पर्वत होता तेथे अलगद ठेवला. उचलण्याइतकेच ते खाली ठेवणेही देवत्वाचे लक्षण होते.

पुढच्या गुरुपौर्णिमेला उपनगरांतील पटांगणांत पुन्हा नारळ फुटतील. त्या रात्री प्रत्येक पथकाने एक संकल्प करावा: थर कितीही लागोत, शेवटचा गोविंदा स्वतःच्या पायांनी जमिनीवर उतरल्याखेरीज ढोल वाजणार नाही.