साहाय्य कोणी कोणास केले?

कलावंत दांपत्याविषयी लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. पती चित्रे काढतो, पत्नी मातीची भांडी घडविते किंवा कापडावर नक्षी उठविते. राहत्या घराचा एक भाग चित्रशाळा, तर दुसरा प्रदर्शनाचे दालन. असे घर पाहून आलेला परीक्षक पतीच्या कुंचल्यावर चार पाने खर्ची घालतो आणि शेवटी ‘त्यांच्या सुविद्य पत्नीचे साहाय्यही उल्लेखनीय आहे’ एवढे वाक्य जोडून मोकळा होतो. हे वाक्य सौजन्याचे दिसते. पण पुष्कळदा ते अन्यायाचे असते, आणि त्याहून वाईट म्हणजे असत्य असते.

उदाहरण विलायतेतले घेतो, कारण तेथे दोघांचेही काम आज डोळ्यांनी पाहता येते. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातील नामांकित चित्रकार. 1886 साली, वयाच्या 69 व्या वर्षी, त्याने 36 वर्षांच्या मेरी फ्रेझर टायटलर हिच्याशी विवाह केला. मेरीचा जन्म हिंदुस्थानातला; लंडनच्या स्लेड कलाशाळेत ती शिकली होती. पुढे सरे परगण्यातील कॉम्प्टन या खेड्यात त्यांनी ‘लिमनर्सलीज’ नावाचे घर बांधले. दोघांचेही काम तेथेच चाले. 1904 च्या एप्रिलमध्ये घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचे चित्रसंग्रहालय उघडले आणि त्याच वर्षी जुलैत वॉट्स वारला. संग्रहालयाचे नाव ‘वॉट्स गॅलरी’. आणि वॉट्स म्हटले की लोकांस आठवतो तो एकच.

आता दुसऱ्या वॉट्सचा हिशेब पाहावा. घराच्या आवारात चांगली माती सापडली, तेव्हा मेरीने गुरुवारी संध्याकाळी गावकऱ्यांस घरी बोलावून मृत्तिकाकाम शिकविण्यास आरंभ केला. गावच्या नव्या दफनभूमीसाठी तिने एका प्रार्थनामंदिराचा आराखडा स्वतः तयार केला. ज्यांनी पूर्वी कधी माती हाताळली नव्हती अशा 70 हून अधिक ग्रामस्थांच्या हातून त्यावरील अलंकरण घडले. 1898 साली ते मंदिर विधिपूर्वक खुले झाले. या उद्योगातूनच कुंभारकामाचा एक संघ उभा राहिला आणि तो तिच्या मृत्यूनंतरही टिकला. पतीच्या नावाच्या त्या संग्रहालयाच्या इमारतीतच तिच्या उमेदवार कारागिरांच्या राहण्याची सोय होती. पती गेल्यावर ती 34 वर्षे जगली. 1912 साली त्याचे चरित्र तिने तीन खंडांत प्रसिद्ध केले.

मग त्या मंदिराचा खर्च कोणी केला? वृद्ध वॉट्सने व्यक्तिचित्रे रंगवून पैसा मिळविला व तो या कामी दिला. तेव्हा येथे कर्ती पत्नी होती आणि साहाय्यक पती होता. परंतु ‘तिच्या सुविद्य पतीचे साहाय्यही उल्लेखनीय आहे’ असे लिहिण्याचे धाडस कोणता परीक्षक करील?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मेरीने स्वतःच पतीस गुरुस्थानी मानले होते. मग आपण तिचा कैवार का घ्यावा? खरे आहे, तिची भक्ती मोठी होती. पण कोणाच्या विनयामुळे इतरांस खोटा हिशेब लिहिण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. दुसरा आक्षेप असा की, तैलचित्र ही ललितकला आणि मृत्तिकाकाम हा केवळ हस्तव्यवसाय. ही उतरंड कोणी रचली, याचा विचार आक्षेपकांनीच करावा. ज्या कलाप्रकारांत स्त्रियांना घरबसल्या काम करता येई, नेमके तेच खालच्या पायरीवर कसे आले, हा योगायोग मला तरी संशयास्पद वाटतो.

आपल्या शहरांतही अशी घरे आहेत. तेथे येणाऱ्यास दार कोण उघडते, चित्रे कोण टांगते, गिऱ्हाइकाशी कोण बोलते आणि हे सर्व उरकून रात्री स्वतःच्या कामास कोण बसते, हे पाहणाऱ्यास सहज दिसते. घर चालविणे हे साहाय्य असेल तर तसे अवश्य म्हणावे. पण मग पतीनेही तेवढे केले की नाही, तेही लिहावे. आणि पत्नीने घडविलेल्या वस्तूचे परीक्षण मात्र स्वतंत्रपणे, नावानिशी आणि पतीच्या कामास लावलेल्याच कसोटीवर व्हावे. ती कसोटीस उतरली नाही तर तसे स्पष्ट लिहावे. शेवटच्या ओळीतल्या स्तुतीपेक्षा असे कठोर परीक्षण तिला अधिक मान देणारे ठरेल.